निहारी आणि न्याहारी

नाशिकची थंडी बाहेरगावच्या पाहुण्याला फसवते. दुपारी तो पंचवटीत शर्टाच्या बाह्या वर सारून फिरतो आणि रात्री आठ वाजता यजमानाकडे शाल मागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवरचं हे गाव. पाऊस गेला, आभाळ निवळलं, हवा कोरडी झाली की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली सगळी ऊब वर सोडून देते. तिला अडवायला ढग नसतात. त्यात उत्तरेकडून गार वारे आले की निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात ठळक अक्षरांत येतो. एखाद्या वर्षी तो पाच अंशांच्याही खाली गेलेला असतो. मग द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटतात. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी रात्र जागून काढतो.

या थंडीत पहाटे जागं असणारं दुसरं माणूस म्हणजे घरातली बाई. आज तिच्या स्वयंपाकाबद्दल बोलायचं आहे. थंडीत आपण जे खातो ते का खातो, त्यातलं खरं किती आणि ऐकीव किती, आणि ते सगळ्यांत आधी कोणाच्या पोटात जायला हवं, एवढे तीनच प्रश्न. उत्तरं शोधताना मात्र शेतात, बाजारात, चुलीपाशी आणि थोडं चंद्राकडेही बघावं लागेल.

सुरुवात एका शब्दापासून करते. माझं माहेर मालेगावचं. यंत्रमागांचं गाव. रात्रपाळी संपवून कारागीर पहाटे बाहेर पडायचे, तेव्हा हॉटेलांतून निहारीचे डेग उघडलेले असायचे. रात्रभर मंद आचेवर शिजलेलं मांस, दाट रस्सा, वर आल्याचे काप आणि लिंबू. लग्न होऊन नाशिकला आले. शेजारी सिन्नरकडच्या एक काकू राहायच्या. त्या सकाळी नऊच्या सुमाराला विचारायच्या, "न्याहारी झाली का गं?" सुरुवातीला मला वाटायचं, ह्यांना माझ्या माहेरचा पदार्थ कसा ठाऊक?

शब्द खरोखरच एका घरचे आहेत. उर्दूत 'निहार मुँह' म्हणजे रिकाम्या पोटी, सकाळपासून काही न खाता. हा शब्द फारसीतून आला. त्या रिकाम्या पोटात जे पहिलं अन्न पडतं ती निहारी. मराठीत तीच न्याहारी झाली. कोणी तिचं नातं अरबीतल्या 'नहार' म्हणजे दिवस या शब्दाशीही जोडतात. दिल्लीकडे शब्दाचा अर्थ आक्रसत एका पदार्थापुरता उरला. आपल्याकडे तो पसरला आणि शेताच्या बांधावर बसून सोडलेल्या भाकरीच्या फडक्यापर्यंत पोचला. रात्रभराचं रिकामं पोट आणि गार पहाट, या दोन गोष्टी थंडीच्या स्वयंपाकाच्या मुळाशी आहेत.

आता शेताकडे जाऊ. नाशिक जिल्ह्याचे दोन चेहरे आहेत. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा डोंगरी, पावसाचा भाग. तिथं भात आणि नागली. पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगाव हा कोरडा भाग. तिथली बाजरी. अलीकडे मक्यानं तिची बरीच जागा घेतली असली तरी थंडी पडली की बाजारात नवी बाजरी विचारणाऱ्या बायका अजून आहेत. खरिपाची बाजरी घरात येते, पाठोपाठ तीळ येतो, उसाचा हंगाम सुरू होऊन नवा गूळ येतो. हरभऱ्याला घाटे धरतात. वालपापडी, पावटा, मटार, गाजर, मेथी, पातीचा कांदा, ओला लसूण, बोरं, पेरू, आवळे. वर्षातली ही एकच वेळ अशी, की गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात पिशवी आधी भरते आणि पैसे नंतर संपतात.

संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी म्हणजे या सगळ्या मालाची हजेरी. भोगीची मिसळ भाजी बघा. वांगी, गाजर, घेवडा, ओला हरभरा, पावटा, शेंगदाणे, बोरं, काही घरांत उसाचे कर्वेसुद्धा, आणि सगळ्याला बांधून ठेवणारं तिळाचं कूट. जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मुगाची खिचडी. भाजीवाल्या मावश्या त्या दिवशी सगळं थोडं थोडं घालून तयार वाटे लावतात, कारण एकेक जिन्नस पावशेर घेणं कोणालाच परवडत नाही. 'न खाई भोगी तो सदा रोगी' असं म्हणतात. म्हण कडक आहे, पण तिच्यातला सल्ला आजचा आहारतज्ज्ञही देईल. हंगामात जे जे पिकलं ते सगळं थोडं थोडं खा.

या जेवणातली बाजरी मूळची इथली नाही. ती पश्चिम आफ्रिकेतल्या सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेची. काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि कमी पावसाच्या प्रदेशात अशी रुजली की तिला परकी म्हणायची कोणाची छाती नाही. हा प्रवास अजून थांबलेला नाही. २०१२ साली महाराष्ट्रात 'धनशक्ती' नावाचं लोह जास्त असलेलं बाजरीचं वाण प्रसारित झालं. हैदराबादजवळची इक्रिसॅट संस्था आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांचं ते काम. त्या वाणाचं मूळ आफ्रिकेतल्या टोगो देशातल्या स्थानिक बाजरीत आहे. पुढे २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आणि ज्या भाकरीला शहरातली मुलं नाक मुरडत होती ती हॉटेलांच्या पाट्यांवर आली.

बाजरीची भाकरी थापणं हे हातातलं शास्त्र आहे. गव्हाच्या पिठात पाणी घातलं की चिकट, ताणला जाणारा ग्लुटेन तयार होतो, म्हणून पोळी लाटता येते. बाजरीत तो नसतो. मग पीठ धरून कसं ठेवायचं? त्यासाठी गरम पाणी. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि तोच बांधायचं काम करतो. म्हणून पीठ एका भाकरीपुरतंच घ्यायचं, तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून मळायचं आणि लगेच थापायचं. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात, तो भाकरीला चिरा पडू नयेत म्हणून. वरचा पापुद्रा ओला, एकसंध राहिला की आतली वाफ त्याला उचलते आणि भाकरी फुगते. हे कोणी मला फळ्यावर शिकवलं नाही. सासूबाईंनी माझे हात आपल्या हातात धरून परातीत शिकवलं. कारण पुष्कळ वर्षांनी कळलं.

बाजरीचं पीठ लवकर कडू का होतं, याचंही उत्तर तिच्या पोटात आहे. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे पाच ग्रॅम स्निग्धांश असतो, गव्हापेक्षा बराच जास्त. दाणा अख्खा असतो तोवर तो सुरक्षित. दळलं की दाण्यातली विकरं त्या स्निग्धांशावर काम सुरू करतात आणि आठ-दहा दिवसांत पिठाला कडसर वास लागतो. म्हणून जुन्या बायका बाजरी आठवड्यापुरतीच दळून आणायच्या. थंडीत ही क्रिया थोडी मंदावते. बाजरी हिवाळ्यात खावी, या रूढीमागं नवं धान्य घरात येण्याचा हंगाम आहे, तसं हे टिकाऊपणाचं कारणही असावं असं मला वाटतं.

आता 'उष्ण' या शब्दाकडे. तीळ उष्ण, गूळ उष्ण, बाजरी उष्ण, डिंक उष्ण, मेथी उष्ण. हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तिळाच्या आत निखारा ठेवला आहे असं वाटावं. खरं कारण साधं आहे. एक ग्रॅम पिठातून किंवा साखरेतून शरीराला सुमारे चार उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्धांशातून नऊ. तिळात जवळजवळ निम्मा भाग तेल असतं. तूप तर सगळंच स्निग्ध. पहाटे पाचला मोटेवर जाणाऱ्या, बागेला पाणी देणाऱ्या, गारठ्यात चार कोस चालणाऱ्या माणसाला थोड्या घासांत जास्त बळ लागायचं. तीळ, गूळ, तूप, शेंगदाणे यांनी ते दिलं.

याचाच अर्थ असा, की जो माणूस चारचाकीतून ऑफिसात जातो आणि संध्याकाळी पांघरुणात शिरून टीव्ही बघतो, त्याला तेच चार लाडू तसेच मानवणार नाहीत. त्याच्या अंगात ते ऊब होऊन जळत नाहीत, कमरेवर जाऊन बसतात. साखरेचा आजार असलेल्यांनी तर 'गुळाचा आहे, चालतो' या समजुतीत राहू नये. गूळ हीसुद्धा साखरच, थोडे खनिजांश सोबत घेऊन आलेली.

डिंकाच्या लाडवांचं तसंच. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक तुपात टाकला की त्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि खडा फुलून लाहीसारखा होतो. बघायला मजा येते. पण डिंकातून हाडांना थेट काही मिळत नाही. तो मुख्यतः न पचणारा तंतू आहे, पोटासाठी बरा. लाडवाची ताकद खारीक, खोबरं, गोडंबी, बदाम आणि तुपाची. अळिवाची गोष्ट वेगळी. या बारीक लाल बियांत लोह चांगलं असतं. हिंदू घरांत बाळंतिणीला अळिवाची खीर आणि लाडू, आमच्या घरांत अजवाइन, डिंक, सुका मेवा घातलेला हरीरा. नावं निराळी, पण दोन्हींमागचा विचार एकच. जिच्या अंगातलं रक्त गेलंय तिला आधी भरून द्या. हा विचार पुढे पुन्हा लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

थंडीच्या स्वयंपाकाचं आणखी एक अंग म्हणजे वेळ. उन्हाळ्यात चुलीपाशी दहा मिनिटं बसवत नाही. थंडीत चूल सोडवत नाही. म्हणून तासन्‌तास शिजणारे पदार्थ या दिवसांतले. आमच्याकडे खिचडा होतो. गहू भिजवून, कुटून, वरची साल काढायची. तीन-चार डाळी, थोडे तांदूळ, मांस, आलं-लसूण. सगळं एका भांड्यात आणि मग घोटत राहायचं, धान्य आणि मांस वेगळं ओळखू येईनासं होईपर्यंत. मोहरमला तो मोठ्या डेगमध्ये होऊन वाटला जातो, थंडीत घरातल्या पातेल्यात होतो. याचा पूर्वज हरीसा. दहाव्या शतकात बगदादमध्ये लिहिलेल्या पाकग्रंथात तो आहे, आणि अकबराच्या काळातल्या 'आइने अकबरी'त हरीसा आणि हलीम या दोघांची नोंद आहे. मला मात्र खिचडा घोटताना दर वेळी भोगीची भाजी आठवते. घरात जे जे धान्य आलं ते एका भांड्यात घालायचं आणि चार घरी वाटायचं, ही रीत कोणी कोणाकडून उचलली हे शोधत बसण्यात अर्थ नाही. नवं पीक पाहिलेल्या कोणत्याही माणसाला हे सुचेल.

पायाचा रस्सा हाही असाच वेळ खाणारा. बकऱ्याच्या पायांत मांस नसतंच म्हटलं तरी चालेल. कातडी, स्नायूंचे बंध आणि हाडं. त्यातलं कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन ओल्या उष्णतेत कित्येक तासांनी सैल होतं आणि त्याचं जिलेटिन बनतं. ओठाला ओठ चिकटवणारा रस्सा तो हाच, आणि सकाळी गारठून थिजतो तो यामुळेच. प्रेशर कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंशांना उकळतं, म्हणून रात्रीचं काम तासाभरात होतं. गॅसचा भाव बघता कुकरला नावं ठेवायची सोय नाही. मात्र पायानं मोडलेलं हाड जुळतं, गुडघे धावू लागतात, या गोष्टी जरा हातचं राखून ऐकाव्यात. जिलेटिन हे अपुरं प्रथिन आहे आणि हाडातला चुना रस्स्यात फार थोडा उतरतो. पाया चवीसाठी खावा, उबेसाठी खावा. औषध म्हणून त्यावर विसंबू नये.

हिंदू घरांत मांस नाही तिथं ही मंद आच दुसऱ्या रूपात दिसते. राखेत खुपसून ठेवलेलं रताळं, निखाऱ्यावरचा हुरडा, खानदेशात कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली भरताची वांगी. आणि शरणपूर परिसरातल्या मराठी ख्रिस्ती घरांत डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तळणीचा वास सुटतो. केक असतोच, पण नाताळचा फराळ म्हणजे करंज्या, शंकरपाळी, चकल्या. दिवाळीत ज्या साच्यातून आमच्या शेजारी चकली पडते, तोच साचा दीड-दोन महिन्यांनी दुसऱ्या दारात गेलेला मी पाहिला आहे.

थंडीनं काही कामं अडतातही. दही लागत नाही, ही या दिवसांतली घरोघरची तक्रार. विरजणातले जिवाणू चाळीस अंशांच्या आसपास जोमानं वाढतात. नाशिकच्या डिसेंबरात ओट्यावरचं भांडं रात्रीत दहा-बारा अंशांवर येतं. म्हणून दूध कोमट असताना विरजण थोडं जास्त घालायचं आणि भांडं कापडात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवायचं. पीठ उष्णता धरून ठेवतं. आणखी एक गोष्ट, ती स्वयंपाकाची नाही पण शेगडीची आहे. उबेसाठी निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि दर हिवाळ्यात त्यानं माणसं झोपेतच जातात.

आता चंद्राकडे. मकर संक्रांत सूर्याची, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारीला ठरलेली. आमचे सण चंद्राचे. चांद्रवर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, आणि त्याला सूर्याच्या वर्षाशी जुळवून घेणारा अधिक महिना इस्लामी कालगणनेत नाही. त्यामुळे ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. एका माणसाच्या आयुष्यात थंडीतला रमजान दोनदा येतो, फार तर तीनदा. म्हणून आमच्या घरांत 'रमजानचे पदार्थ' असं म्हणताना कोणत्या ऋतूतला रमजान, हे विचारावं लागतं. मे महिन्यातल्या इफ्तारला कलिंगड आणि सरबत लागतं. जानेवारीतल्या इफ्तारला खजुरानंतर हात पहिल्यांदा गरम वाटीकडे जातो.

माझं लग्न झाल्यानंतरचा पहिला रमजान १९९८च्या जानेवारीतला. संक्रांत त्या वर्षी रोज्यांतच आली. भोगीच्या दिवशी सूर्य मावळायला दहा मिनिटं असताना शेजारच्या काकू झाकलेलं ताट घेऊन आल्या. भोगीची भाजी, तीळ लावलेल्या भाकऱ्या, लोण्याचा गोळा. "तुमचा उपास सुटायची वेळ गाठायची म्हणून भाकऱ्या आत्ताच थापल्या," म्हणाल्या. त्यांच्याकडे भोगीचं जेवण दुपारीच झालं होतं. आमच्यासाठी त्यांनी पुन्हा तवा ठेवला होता. त्या ईदला शीरखुर्म्याचं पहिलं पातेलं कोणत्या दारी गेलं असेल, हे सांगायला नको. पुढच्या वर्षी, १९९९लाही, संक्रांत रमजानमध्येच होती. नंतर रमजान डिसेंबरात, नोव्हेंबरात सरकत गेला आणि ही गाठ सुटली. आता तो पुन्हा थंडीकडे येतो आहे. २०३० साली संक्रांत परत रोज्यांत येईल, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरीस दुसरा रमजानही सुरू होईल. चांद दिसण्यावर एखादा दिवस मागे-पुढे, एवढंच.

थंडीतला रोजा तासांनी लहान. नाशिकला जानेवारीत तो साडेबारा तासांच्या आसपास भरतो, तर जूनमध्ये साडेचौदा तासांच्याही पुढे जातो. सोपा वाटतो ना? पण सहरीसाठी साडेचारला ताटं वाढायची तर साडेतीनला कोणाला तरी उठावं लागतं. गार फरशीवर अनवाणी जाऊन गॅस पेटवावा लागतो. गोदेला पहाटे कार्तिकस्नानाला जाणाऱ्या घरातही कोणीतरी तासभर आधी उठून पाणी तापवलेलं असतं. द्राक्षबागेत शेकोटी पेटवायला गेलेल्या शेतकऱ्याच्या हातात चहाचा थर्मास असतो, तोही आपोआप भरलेला नसतो.

इथं मी सुरुवातीच्या तिसऱ्या प्रश्नाशी येते. हे सगळं जेवण सगळ्यांत आधी कोणाच्या पोटात जायला हवं?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि प्रौढ स्त्रीला २९. म्हणजे तिला दीडपट. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळातल्या पाहणीत, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. देशाचा आकडा ५७ टक्के. निम्म्याहून जास्त. हा आकडा हिंदूंचा, मुसलमानांचा, शहराचा की खेड्याचा, असं विचारत बसू नका. तुमच्या-माझ्या घरातला आहे.

एकीकडे आपण थंडीत लोहाचा हंगाम साजरा करतो. शंभर ग्रॅम बाजरीत सहा ते आठ मिलिग्रॅम लोह आहे. अळिवात आहे, मेथीत आहे, खिचड्याच्या मांसात तर शरीराला सहज घेता येणारं लोह आहे. दुसरीकडे ते रांधणाऱ्या बाईच्याच अंगात लोह नाही. याचं कारण धान्यात सापडत नाही, पंगतीच्या क्रमात सापडतं. आधी पुरुष, मग मुलं, मग पाहुणे, मग सासू, आणि शेवटी ती. तिच्या वाट्याला तव्यावरची शेवटची, कडा करपलेली भाकरी, पातेल्याच्या तळाचा रस्सा, ज्यातलं मांस संपलेलं. सहरीत तिचा घास आणि अजान यांच्यात शर्यत लागते. सणाच्या दिवशी तर ती तळणीच्या वासानंच पोट भरल्याचं सांगते आणि आपण ते खरं मानतो.

'निहार मुँह' म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेलं माणूस, असं मी म्हटलं. नाशिकमध्ये सकाळी साडेदहाला कोणत्याही गल्लीत जा. सगळ्यांची न्याहारी आटोपलेली असते, डबे गेलेले असतात, आणि प्रत्येक घरात एक माणूस अजून निहार मुँह असतं. त्याच्या पोटात तोवर दोन कप चहा गेलेला असतो.

त्या चहाबद्दलही सांगायला हवं. जेवणाबरोबर किंवा लगेच घेतलेला चहा अन्नातलं लोह अडवतो. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात. उलट आंबट फळं त्याला मोकळं करतात. धान्या-भाज्यांतलं लोह शरीरात कमी मुरतं, पण सोबत क जीवनसत्त्व असलं की ते प्रमाण वाढतं. आपल्या थंडीच्या ताटात ही सोय आधीपासूनच आहे. भोगीच्या भाजीत बोरं आहेत, निहारीवर लिंबू पिळतात, खिचड्यालाही लिंबू लागतं, आवळा याच दिवसांतला, आणि पेरू तर संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व देतो. म्हणून चहा जेवणाच्या निदान तासभर आधी किंवा नंतर घ्या. भाकरीबरोबर लिंबाची फोड किंवा कच्चा आवळा घ्या. भाजी अधूनमधून लोखंडी कढईत करा. अशक्तपणा फार असेल, धाप लागत असेल, तर मात्र लाडवांवर थांबू नका. रक्त तपासून घ्या, डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या पूर्ण घ्या. सरकारी दवाखान्यात त्या मिळतात.

आणि पंगतीचा क्रम बदला. यासाठी कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही. आमच्या घरी काही वर्षांपासून एक नियम आहे. तव्यावरची तिसरी भाकरी थापणारीची. दोन भाकऱ्या वाढून झाल्या की ती पाटावर बसते आणि तवा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जातो. सुरुवातीला मुलाच्या भाकरीचा नकाशा व्हायचा. आता ती फुगते. सहरीला ताटं एकदम मांडली जातात, एकही ताट मागे राहत नाही. बाजरीची भाकरी निवली की चिवट होते, तिची खरी चव तव्यावरून उतरल्यावर पाच मिनिटांचीच. ती चव रांधणाऱ्या बाईला ठाऊक असू नये, यासारखी दुसरी गंमत नाही.

या थंडीत तुमच्याकडे भोगी होईल, नाताळ होईल, काही वर्षांत ईदही येऊन बसेल. पाहुणे येतील, मुलांना सुट्ट्या लागतील, स्वयंपाकघरातला दिवा पहाटे लवकर लागेल. तो दिवा लागलेला दिसला की पांघरुणातून उठा आणि आत जा. पीठ मळता येत नसेल तर लसूण सोला, पाणी तापवा. आणि पहिली वाफाळती वाटी तिच्यासमोर ठेवून विचारा, तुझी न्याहारी झाली का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)